फवारणी पंपाच्या बॅटरीसाठी योग्य चार्जरची निवड

नांदेड-लातूर भागात सोयाबीन, कापूस, तूर, उडीद व मूग ही खरिपाची प्रमुख पिके आहेत. या पिकांत फवारणीसाठी मिळणारे दिवस मोजकेच असतात. सोयाबीनमधील उगवणीनंतरची तणनाशके तण लहान, दोन ते चार पानांवर असतानाच मारावी लागतात. त्यासाठी पावसाची उघडीप, जमिनीत ओल आणि शांत वारा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. असा दिवस उजाडला आणि नेमका त्याच दिवशी पंप बंद पडला, तर आठवड्याने तण हाताबाहेर गेलेले असते.

गेल्या काही वर्षांत हाताने दांडा मारायच्या पाठीवरील पंपाची जागा बऱ्याच ठिकाणी बॅटरीवरील पंपाने घेतली आहे. श्रम वाचतात, दाब एकसारखा राहतो आणि एका माणसाचे काम वाढते. मात्र या पंपाची बॅटरी किती वर्षे चालणार हे पुष्कळसे चार्जरवर ठरते, याकडे आपले दुर्लक्ष होते. पंप घेताना टाकी, नोझल, बॅटरीची क्षमता यांची चौकशी केली जाते. चार्जरची कोणी करत नाही.

नायगाव येथे आमच्या घरच्याच पंपाबाबत हा अनुभव आला. मूळ चार्जर पावसात भिजून खराब झाला. वडिलांनी बाजारातून दुसरा आणला. पिन नीट बसली, दिवा लागला, म्हणून तो रात्रभर लावून ठेवला. सुमारे तीन आठवड्यांनी बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली आणि चार टाक्यांच्या पुढे पंप चालेना. मल्टिमीटर लावून पाहिले तेव्हा त्या चार्जरचे व्होल्टेज १६ च्या वर निघाले. बॅटरी मात्र १४.७ व्होल्टपर्यंतच सोसणारी होती. बॅटरीचा खर्च झालाच, शिवाय तणनाशकाची फवारणी दहा दिवस लांबली आणि पुढे दोन खुरपण्यांची मजुरी द्यावी लागली. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही, हा धडा आम्हाला असा मिळाला.

चार्जर नेमके काय करतो?

चार्जरची दोन कामे असतात. पहिले काम बॅटरीत वीज भरण्याचे. दुसरे काम बॅटरी भरली हे ओळखून थांबण्याचे. पहिले काम कोणताही चार्जर करतो. चांगला चार्जर कोणता हे दुसऱ्या कामावरून ठरते. बॅटरी भरल्याची खूण प्रत्येक प्रकारच्या बॅटरीत निराळी असते. म्हणून एका प्रकारच्या बॅटरीचा चार्जर दुसऱ्या प्रकाराला चालत नाही.

हौद भरताना पाण्याची पातळी चढताना दिसते; काठापर्यंत आले की आपण नळ बंद करतो. शिसे-आम्ल आणि लिथियम बॅटरीचे तसेच आहे. वीज भरत जाते तसे व्होल्टेज चढत जाते व त्यावरून चार्जरला अंदाज येतो. निकेलच्या बॅटरीचे मात्र अंधारात घागर भरण्यासारखे आहे. पातळी दिसत नाही. आवाज बदलला की भरली हे ओळखावे लागते. हा फरक लक्षात घेऊन एकेक प्रकार पाहू.

१) शिसे-आम्ल बॅटरी

पाठीवरील पंपांत ही बॅटरी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. ती सीलबंद असते, तीत पाणी घालावे लागत नाही. २ व्होल्टचे ६ सेल मिळून १२ व्होल्ट होतात. क्षमता बहुधा ८ किंवा १२ अ‍ॅम्पियर-तास असते.

या बॅटरीच्या अंगावर चार्जिंगच्या मर्यादा बहुधा छापलेल्या असतात. 'सायकल यूज' या शब्दांपुढे साधारण १४.४ ते १४.७ किंवा १५ व्होल्ट आणि 'स्टँडबाय यूज' या शब्दांपुढे १३.५ ते १३.८ व्होल्ट असे आकडे आढळतात. रोज वापरून रोज भरायची बॅटरी पहिल्या आकड्याने भरावी. कायम जोडून ठेवायची असल्यास दुसरा आकडा पाळावा. त्याखाली सुरुवातीच्या जास्तीत जास्त प्रवाहाचा आकडाही असतो. हे तीन आकडे कागदावर उतरवून घेऊनच चार्जर घेण्यास जावे.

योग्य चार्जर ठरलेल्या व्होल्टेजला पोहोचल्यावर तेथेच स्थिर राहतो आणि प्रवाह आपोआप कमी होत जातो. चांगल्या चार्जरमध्ये यानंतर व्होल्टेज १३.६ च्या आसपास उतरते. स्वस्त, साध्या ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरमध्ये ही सोय नसते. अशा चार्जरचे व्होल्टेज लाईनच्या व्होल्टेजबरोबर वरखाली होते. संध्याकाळी भार जास्त असताना लाईन पडते व बॅटरी अर्धवट भरते. मध्यरात्री भार कमी झाल्यावर लाईन चढते व तीच बॅटरी उकळू लागते. सीलबंद बॅटरीतील पाणी एकदा उडाले की ते परत भरता येत नाही.

उष्णतेचाही विचार करावा. छापलेले आकडे साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानाचे असतात. तापमान १० अंशांनी वाढल्यास १२ व्होल्टच्या बॅटरीचे चार्जिंग व्होल्टेज ०.२ ते ०.३ व्होल्टने कमी असावे लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग लावल्यास योग्य चार्जरसुद्धा बॅटरीला जड जातो.

२) निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी

फवारणी पंपात हा प्रकार क्वचितच दिसतो. पण रिचार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलमध्ये, जुन्या हातड्रिलमध्ये आणि मोजमापाच्या काही उपकरणांत तो असतो. टोयोटा कंपनीने १९९७ मध्ये जपानमध्ये आणलेल्या प्रियस या हायब्रीड मोटारीतही हीच बॅटरी होती. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये असे १६८ सेल एकामागोमाग जोडून २०१.६ व्होल्ट मिळवलेले होते. त्या मोटारीत संगणक ही बॅटरी कधीच काठोकाठ भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. इतकी काळजी का घ्यावी लागते हे समजले, तर चार्जरच्या निवडीचे मर्म समजेल.

या प्रकारात एका सेलचे व्होल्टेज १.२ असते, १० सेल मिळून १२ व्होल्ट होतात. भरताना ते चढते, पण बॅटरी भरल्यावर आणखी चढण्याऐवजी किंचित उतरते. हा उतार एका सेलमागे जेमतेम ५ ते १० मिलिव्होल्ट असतो. त्याच वेळी बॅटरी तापू लागते, कारण आत जाणारी वीज आता साठत नाही, तिची उष्णता होते. व्होल्टेजचा उतार आणि तापमानाची चढण या दोन खुणांवरूनच बॅटरी भरल्याचे ओळखावे लागते.

हिला शिसे-आम्लचा चार्जर लावल्यास काय होईल? बॅटरी भरली की तापते. तापली की तिचे व्होल्टेज उतरते. व्होल्टेज उतरले की स्थिर व्होल्टेजचा चार्जर जास्त प्रवाह ढकलतो. प्रवाह वाढला की बॅटरी आणखी तापते. हे चक्र बॅटरी खराब होईपर्यंत चालू राहते. म्हणून निकेलच्या बॅटरीला स्थिर प्रवाहाचा चार्जर लागतो. त्याचे दोन मार्ग आहेत.

अ) सावकाश चार्जिंग : क्षमतेच्या एकदशांश प्रवाहाने १४ ते १६ तास. बॅटरी १० अ‍ॅम्पियर-तासांची असल्यास १ अ‍ॅम्पियर. यात चार्जरला खूण ओळखावी लागत नाही, पण वेळ संपताच बंद करणारे घड्याळ त्यात हवे. वीज जाऊन परत आल्यावर हे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते का, हे विचारून घ्यावे. तसे असल्यास दोनदा वीज गेलेल्या रात्री बॅटरी प्रमाणाबाहेर भरते.

ब) जलद चार्जिंग : क्षमतेच्या निम्म्या ते पूर्ण प्रवाहाने, म्हणजे याच बॅटरीला ५ ते १० अ‍ॅम्पियर. येथे व्होल्टेजचा उतार ओळखणारे, तापमान पाहणारे आणि शेवटी वेळ संपल्यावर तोडणारे असे तिन्ही बंदोबस्त एकाच चार्जरमध्ये हवेत.

या दोहोंच्या मधला प्रवाह टाळावा. तो सहज सोसण्याइतका कमी नसतो आणि खूण स्पष्ट दिसण्याइतका जास्तही नसतो.

पॅक मोठा असेल तर अडचण वाढते. सगळे सेल एकाच क्षणी भरत नाहीत. कमजोर सेल आधी भरतो आणि तापतो, बाकीचे अजून भरत असतात. त्यामुळे व्होल्टेजचा बारीक उतार एकूण बेरजेत झाकला जातो. म्हणून मोठ्या पॅकला केवळ व्होल्टेजच्या उतारावर चालणारा चार्जर पुरेसा नाही. पॅकच्या मधोमध, जिथली उष्णता बाहेर पडत नाही अशा सेलला टेकवून, तापमानाचा सेन्सर बसवलेला असावा आणि त्याची तार चार्जरला जोडलेली असावी. मिनिटाला साधारण १ अंशाच्या वेगाने तापमान चढू लागले की चार्जर थांबला पाहिजे. आपल्या भागात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. केवळ शेवटच्या तापमानाची मर्यादा पाहणारा चार्जर मे महिन्यात बॅटरी भरण्यापूर्वीच बंद पडेल, कारण हवाच ४२ अंशांची असते. चढण्याचा वेग पाहणारा चार्जर मात्र अशा हवेतही फसत नाही.

दोन पॅक समांतर जोडून एकाच चार्जरवर भरू नयेत. एक तापला की त्याचे व्होल्टेज उतरते आणि बहुतेक प्रवाह त्यातच शिरतो. प्रत्येक पॅक स्वतंत्रपणे भरावा.

३) लिथियम बॅटरी

वजनाने हलकी असल्याने नवीन पंपांत ही बॅटरी वाढत आहे. हिच्यात दोन जाती आहेत आणि घोटाळा येथेच होतो. पहिल्या जातीत, म्हणजे लिथियम-आयन या नावाने मिळणाऱ्या नेहमीच्या बॅटरीत, ३ सेल असतात व ती १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेटची, जिला बाजारात 'एलएफपी' म्हणतात. तीत ४ सेल असतात व ती १४.६ व्होल्टला भरते. दोन्हींना दुकानात '१२ व्होल्टची लिथियम' असेच म्हणतात.

पहिल्या जातीला दुसरीचा चार्जर लावल्यास प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.८ व्होल्टहून जास्त येतात. पॅकमधील संरक्षक सर्किट, म्हणजे 'बीएमएस', अशा वेळी चार्जिंग तोडते. पण ते शेवटचे कुंपण आहे. त्याच्या भरवशावर चुकीचा चार्जर वापरू नये. ते निकामी झाले तर बॅटरी पेट घेऊ शकते. उलट, दुसऱ्या जातीला किंवा शिसे-आम्लला १२.६ व्होल्टचा चार्जर लावल्यास धोका नाही, पण बॅटरी कधीच पुरती भरत नाही. शिसे-आम्ल बॅटरी अशी उपाशी राहिली की तिच्या पत्र्यांवर कडक थर बसतो आणि क्षमता कायमची जाते.

लिथियमचा चार्जर ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत स्थिर प्रवाह देतो, नंतर तेथे थांबून प्रवाह कमी करत नेतो आणि शेवटी पूर्ण बंद होतो. या बॅटरीला थोडा थोडा प्रवाह कायम देत राहणारा चार्जर चालत नाही.

किती अ‍ॅम्पियरचा चार्जर घ्यावा?

पंपाची मोटार साधारण २.५ अ‍ॅम्पियर घेत असेल, तर ८ अ‍ॅम्पियर-तासांची नवी बॅटरी हिशेबाने तीन तासांच्या आसपास चालते. ती भरण्यासाठी ०.८ अ‍ॅम्पियरचा चार्जर घेतल्यास १० तास आणि शेवटचा सावकाश टप्पा धरून सुमारे १२ तास लागतात. १२ अ‍ॅम्पियर-तासांच्या बॅटरीला त्याच हिशेबाने १.२ अ‍ॅम्पियर लागतील. रात्री वीज सलग मिळत नसेल, तर शिसे-आम्लसाठी क्षमतेच्या एकपंचमांशापर्यंतचा, म्हणजे ८ च्या बॅटरीला सुमारे १.६ अ‍ॅम्पियरचा चार्जर घेण्यास हरकत नाही. मात्र बॅटरीवर छापलेली मर्यादा ओलांडू नये. व्होल्टेज तंतोतंत जुळले पाहिजे. अ‍ॅम्पियर कमी असल्यास फक्त वेळ जास्त लागतो.

चार्जरच्या पाठीवर तो किती व्होल्टच्या लाईनवर चालतो हेही लिहिलेले असते. वस्तीवर किंवा लांब लाईनच्या टोकाला राहणाऱ्यांनी १०० ते २४० व्होल्ट किंवा त्याहून रुंद मर्यादेचा, स्विचिंग पद्धतीचा चार्जर घ्यावा. लाईन वरखाली झाली तरी त्याचे व्होल्टेज स्थिर राहते.

सौर पॅनेलवर चार्जिंग करणाऱ्यांनी पॅनेलची तार सरळ बॅटरीला जोडू नये. '१२ व्होल्ट'चे म्हणून मिळणारे पॅनेल मोकळे असताना २१-२२ व्होल्ट देते. मध्ये आपल्या बॅटरीच्या जातीचा चार्ज कंट्रोलर असलाच पाहिजे.

खरेदी करताना पुढील क्रमाने तपासावे

१) बॅटरीवरील लेबल वाचून तिची जात ठरवावी. लेबल गेले असल्यास अंदाजाने चार्जर घेऊ नये. पंपाच्या विक्रेत्याकडून मॉडेलवरून खात्री करावी.

२) चार्जरवरील व्होल्टेज जातीशी जुळवावे : शिसे-आम्ल १४.४ ते १४.७, लिथियम-आयन ३ सेल १२.६, लिथियम आयर्न फॉस्फेट ४ सेल १४.६. निकेलच्या बॅटरीला व्होल्टेज पाहून निवड करू नये. सेलची संख्या, प्रवाह आणि बंद होण्याची पद्धत पाहावी.

३) चार्जरवर बॅटरीच्या जातीचे नाव छापलेले असावे. नुसते 'अ‍ॅडॉप्टर' असे लिहिलेली वस्तू चार्जर म्हणून वापरू नये.

४) पिनमधील धन व ऋण टोकांची खूण मूळ चार्जरशी ताडून पाहावी.

५) बॅटरी दुकानात नेऊन, चार्जर लावून दाखवण्यास सांगावे. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरी असल्यास रात्रीच्या चार्जिंगनंतर बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावे. शिसे-आम्ल बॅटरीवर १५ व्होल्टहून जास्त दिसल्यास तो चार्जर ताबडतोब बंद करावा. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय व्होल्टेज दाखवत नाहीत, म्हणून मोजणी बॅटरी जोडूनच करावी.

बॅटरी आणि औषधाची मात्रा

बॅटरी अर्धवट भरलेली असली तरी पंप सुरू होतो, पण व्होल्टेज उतरत जाते तसा फवाऱ्याचा दाब कमी होऊ शकतो. थेंब मोठे होतात, नोझलमधून द्रावण कमी पडते, आणि आपली चाल तीच राहिल्याने एकरी मात्रा घटते. पहिल्या वाफ्यात तण मरते आणि शेवटच्या वाफ्यात तगते, यामागे औषधाचा दोष नसून बॅटरीचा असू शकतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर एक मिनिट नोझलचे पाणी मापात धरावे. पाच-सहा टाक्या झाल्यावर पुन्हा धरावे. दोहोंत एकदशांशाहून जास्त फरक पडल्यास बॅटरी किंवा चार्जर तपासून घ्यावा.

घ्यावयाची काळजी

शेतातून आल्यावर पंप धुवून, बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावावी. ती जागा कोरडी, हवेशीर व सावलीची असावी. झोपण्याच्या खोलीत, कडब्याजवळ, पेट्रोल किंवा कीडनाशके ठेवलेल्या जागी चार्जिंग करू नये. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये, फोडू नये.

शेवटची फवारणी झाल्यावर पंप पुढील जूनपर्यंत तसाच टांगून ठेवण्याची सवय सोडावी. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून ठेवावी व दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरावी. लिथियम बॅटरी सुमारे निम्मी भरून थंड जागी ठेवावी. निकेलची बॅटरी आपोआप उतरत जाते. हंगामापूर्वी ती दोन-तीन वेळा सावकाश भरून वापरावी.

निकामी बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठी टाकू नये. शिसे व आम्ल जमिनीत आणि पाण्यात उतरते. केंद्र शासनाच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा होऊन त्यांच्यावर प्रक्रिया होण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी. शिसे-आम्ल बॅटरीची मोडीची किंमतही वळती होते.

चार्जर ही पंपाबरोबर फुकट आलेली वस्तू नसून बॅटरीचे आयुष्य ठरवणारा भाग आहे. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी एकदा आपली बॅटरी आणि आपला चार्जर शेजारी ठेवून दोहोंवरील आकडे वाचावेत. आकडे जुळत असतील तर निर्धास्त राहावे. जुळत नसतील तर आताच बदल करावा, म्हणजे ऐन उघडिपीच्या दिवशी पंप खांद्यावर घेऊन परत फिरण्याची वेळ येणार नाही.